पाच प्रश्न विचारलेत, उत्तरांचे काय केलेत? : विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मा. विभागप्रमुख,
तसेच मनुष्यबळ शाखेतील सर्व अधिकारी

विषय : कर्मचाऱ्यांच्या लघुसर्वेक्षणाचे गुण शाखाप्रमुखांच्या वार्षिक मूल्यमापनाला जोडण्याचा निर्णय

महोदय,

गेल्या महिन्याच्या परिपत्रकाने आपण कळवले आहे की, मासिक लघुसर्वेक्षणात (म्हणजे कर्मचाऱ्यांना दरमहा पाच विधाने देऊन त्यांचे मत विचारले जाते त्यात) शाखेला मिळालेले गुण, म्हणजे अनुकूल उत्तरांची टक्केवारी, पुढील तिमाहीपासून शाखाप्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात धरले जातील आणि प्रत्येक शाखेने किमान ९० टक्के सहभाग दाखवला पाहिजे. गुणांत पाचपेक्षा जास्त घट झाल्यास सात दिवसांत लेखी खुलासा मागण्याची पद्धत तर तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली आहे. या सगळ्याविषयी मी दोनदा रीतसर टिपणी सादर केली. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. यात कोणाही व्यक्तीचे नाव नाही आणि विभागाची गोपनीय माहिती नाही. विभागातले जे आकडे आहेत ते जवळपास सगळे माझ्याच शाखेचे आहेत.

मी या विभागात २१ वर्षे नोकरी करते आहे आणि गेली सहा वर्षे नागरिकांचे अर्ज स्वीकारणाऱ्या शाखेची प्रमुख आहे. माझ्याबरोबर आठ जण काम करतात. दोन वर्षांपूर्वी हे सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा ते कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी आपण शाखाप्रमुखांना मदतीचे आवाहन केले होते आणि मी आनंदाने पुढे आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी आम्हाला काही विचारत होते. आठही जणांजवळ बसून मी त्यांना मनुष्यबळ शाखेच्या पत्रकातले वाक्य वाचून दाखवले : ‘आपली ओळख कोणालाही कळणार नाही.’ दोघांनी शंका काढली, तेव्हा मी माझ्या जबाबदारीवर सांगितले की निश्चिंत राहा, मोकळेपणाने भरा. आठही जणांनी भरले. तो शब्द आपला होता, पण तो माझ्या तोंडून गेला आणि तो पाळला गेला नाही. या पत्रामागे दुसरे कोणतेही कारण नाही.

लघुसर्वेक्षणाला माझा विरोध नाही, हे मी आधीच स्पष्ट करते, कारण माझ्या पहिल्या टिपणीवर ‘बदलाला विरोध’ असा शेरा पडल्याचे माझ्या कानावर आले आहे. सरकारी कार्यालयांत कर्मचाऱ्यांना नियमितपणे विचारण्याची पद्धत जगात आता रुळलेली आहे. कॅनडाने १९९९ मध्ये आपल्या साऱ्या केंद्रीय सेवकांसाठी असे सर्वेक्षण सुरू केले. अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे सर्वेक्षण २००२ मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये झालेल्या कायद्याने तेथील खात्यांना दरवर्षी कर्मचाऱ्यांचे मत घेणे बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये पूर्वी प्रत्येक खाते आपापली प्रश्नावली काढत असे. २००९ पासून सगळ्या नागरी सेवेसाठी एकच सर्वेक्षण होते आणि त्याचे निकाल जनतेसाठी प्रसिद्ध केले जातात. ही मोठी सर्वेक्षणे वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा होतात आणि त्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत काही महिने निघून जातात, म्हणून मधल्या काळात मोजकेच प्रश्न विचारण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या वसंत ऋतूपर्यंत मोठ्या खात्यांतील कर्मचाऱ्यांना अशा तीन फेऱ्यांमध्ये थोडेथोडे प्रश्न विचारून पाहिले गेले. इंग्रजीत याला ‘पल्स सर्व्हे’ म्हणतात, म्हणजे नाडी पाहणे. ही उपमा मला योग्य वाटते. नाडी पाहणारा माणूस ठोके मोजून थांबत नाही. त्याला पुढे काही विचारायचे असते, तपासायचे असते, औषध द्यायचे असते. आपल्याकडे मात्र ठोक्यांची नोंद झाली की काम संपले असे मानले जाते आणि आता ती नोंदच आमच्यावर दंडासारखी वापरली जाणार आहे.

माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार ओळखीबाबत आहे.

तीन महिन्यांपूर्वीच्या फेरीत माझ्या शाखेचे गुण ८० वरून ६७.५ वर आले आणि मला खुलाशाची नोटीस आली. नोटिशीसोबत जो तक्ता जोडला होता, त्यात शाखेची उत्तरे संवर्ग, लिंग आणि सेवेची वर्षे यांनुसार फोडून दाखवली होती. ‘सेवा पाच वर्षांपेक्षा कमी’ या ओळीसमोर उत्तर देणाऱ्यांची संख्या होती : १. माझ्या शाखेत पाच वर्षांपेक्षा कमी सेवा झालेली व्यक्ती एकच आहे. तिने पाचही विधानांवर ‘सांगता येत नाही’ हा पर्याय निवडला होता, हे त्या तक्त्यावरून कोणालाही समजले असते. तक्ता माझ्याकडे येण्याआधी तीन टेबलांवरून फिरला होता. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर कोणीतरी तिला हसत विचारले, ‘काय, कामात मन रमत नाही म्हणे?’ ती माझ्या टेबलाशी आली आणि उभ्यानेच म्हणाली, ‘मॅडम, नाव कळत नाही म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या महिन्यात तिची आई रुग्णालयात होती. तिचा रजेचा अर्ज वरून दोनदा परत आला होता आणि तरीही ती रोज खिडकीवर बसून अर्ज घेत होती. ‘सांगता येत नाही’ हे त्या दिवसांतले तिचे खरे उत्तर होते. ‘सहमत नाही’ असे तिने कोठेही लिहिले नव्हते. आपल्या पद्धतीत मात्र ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ एवढीच उत्तरे अनुकूल धरली जातात आणि बाकीची सारी, मधली उत्तरेसुद्धा, वजा होतात.

‘निनावी’ आणि ‘गोपनीय’ हे दोन शब्द आपल्या पत्रकांत एकाच अर्थाने वापरले जातात आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. उत्तर कोणी दिले हे कोणालाच, प्रणालीलासुद्धा, कळू शकत नसेल तर ते निनावी. उत्तर कोणाचे आहे याची नोंद प्रणालीत आहे, पण ती काही ठरावीक लोकांखेरीज कोणी पाहणार नाही असे वचन दिलेले असेल तर ते गोपनीय. आपले सर्वेक्षण निनावी नाही. दर महिन्याच्या २० तारखेला आम्हाला ‘अद्याप न भरलेल्यांची यादी’ नावांसह येते आणि भरले कोणी व नाही कोणी हे माहीत असल्याशिवाय अशी यादी निघू शकत नाही. गोपनीय सर्वेक्षण चुकीचे नव्हे. अमेरिकेचे वार्षिक सर्वेक्षणही २०२४ पर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र दुवा पाठवून घेतले जात असे. पण तेथे दहापेक्षा कमी लोकांनी उत्तरे दिलेली असतील तर त्या गटाचा निकाल दाखवला जात नसे. हा नियम साधा आहे आणि पाळायला फुकट आहे. तो आपल्याकडे असता तर माझ्या आठ जणांच्या शाखेचा स्वतंत्र तक्ता निघालाच नसता आणि एका तरुण मुलीला वरच्या मजल्यावरचे ते वाक्य ऐकावे लागले नसते.

दुसरी गोष्ट गणिताची आहे, आणि ती मी सविस्तर मांडते, कारण खुलाशाची सगळी पद्धत याच गणितावर उभी आहे. आठ जण, प्रत्येकी पाच विधाने, म्हणजे एकूण ४० उत्तरे. आधीच्या फेरीत त्यांतली ३२ अनुकूल होती, म्हणून गुण ८०. या फेरीत एका व्यक्तीची पाच उत्तरे मधल्या पर्यायावर आली, अनुकूल उत्तरे २७ राहिली आणि गुण झाले ६७.५. बाकी सात जणांनी एकही उत्तर बदललेले नव्हते. आठ जणांच्या शाखेत एक माणूस एका वाईट महिन्यातून जात असेल तर गुण साडेबाराने उतरतात. ऐंशी जणांच्या शाखेत तसाच एक माणूस असेल तर घट सव्वा गुणाची असते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पाच गुणांची मर्यादा सर्वांना सारखी लावली की लहान शाखा आपोआप दोषी ठरतात. त्यांच्या प्रमुखांनी काही केले असो वा नसो. तिमाही किंवा सहामाही सरासरी घेतली, लहान शाखांचे निकाल एकत्र केले, तर हा दोष बराच कमी होईल. संख्याशास्त्र शिकलेले अधिकारी आपल्याच विभागात आहेत. त्यांना हे परिपत्रक निघण्यापूर्वी दाखवले गेले होते का?

आता प्रश्नांविषयी. कर्मचारी कामात मनाने किती गुंतला आहे, ज्याला एंगेजमेंट म्हणतात, ते मोजण्यासाठी आपण जी पाच विधाने ठेवली आहेत, त्यांतली तीन आमच्या भावनांबद्दल आहेत : मला कामाचा अभिमान आहे, मला येथे येऊन आनंद होतो, मी इतरांना येथे नोकरी करण्याचा सल्ला देईन. चौथे विधान एकात दोन आहे : ‘माझे वरिष्ठ मला वेळेवर व स्पष्ट सूचना देतात.’ सूचना स्पष्ट असतात पण कधीच वेळेवर येत नाहीत, अशा माणसाने येथे काय निवडायचे? पाचवे विधान तीन वेळा बदलले गेले आहे, त्यामुळे मागच्या वर्षीशी तुलना करताच येत नाही आणि तरीही तुलनेचे आलेख छापले जातात.

अभिमानाविषयी मला विशेष बोलायचे आहे. माझ्या शाखेत ‘मला कामाचा अभिमान आहे’ याला प्रत्येक फेरीत बहुतेकांनी ‘पूर्ण सहमत’ लिहिले, अगदी ज्या महिन्यात तीन पदे रिकामी होती आणि खिडकीवरची रांग दारापर्यंत जात होती त्या महिन्यातही. सरकारी नोकरीतला माणूस लोकांच्या उपयोगी पडण्याचा अभिमान सहजासहजी सोडत नाही. परिस्थिती वाईट असताना तोच तर त्याला धरून ठेवतो. त्या उंच आकड्यावरून कामाची परिस्थिती चांगली आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे आमच्या निष्ठेचा आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर करणे आहे. अमेरिकेच्या सर्वेक्षणातील एंगेजमेंटचा निर्देशांक १५ प्रश्नांवर आधारलेला होता आणि ते प्रश्न मुख्यतः परिस्थितीविषयी होते. वरचे नेतृत्व, थेट वरिष्ठ आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे त्याचे तीन भाग वेगवेगळे दाखवले जात. तेथे थेट वरिष्ठांविषयीचे आकडे वर असत आणि वरच्या नेतृत्वाविषयीचे खाली. हे वेगळेपण कळले तरच दुरुस्ती कोठे करायची हे कळते. आपण मात्र सगळे एका आकड्यात मिसळता आणि तो आकडा शाखाप्रमुखाच्या नावावर टाकता. रिक्त पदे भरण्याचा अधिकार मला नाही. संगणक प्रणाली बदलण्याचा नाही. बदल्यांचा तर नाहीच.

कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये कामातल्या या गुंतण्यावर जो मूळ अभ्यास मांडला, त्यात माणूस कामात मन ओततो त्यासाठी तीन गोष्टी लागतात असे म्हटले आहे : काम अर्थपूर्ण वाटणे, मोकळेपणाने वागल्यास आपले नुकसान होणार नाही याची खात्री असणे, आणि त्यासाठी लागणारी ताकद अंगात शिल्लक असणे. पहिली गोष्ट माझ्या सहकाऱ्यांजवळ आहे. तिसरी रिक्त पदांमुळे दिवसेंदिवस कमी होते आहे. दुसरी मात्र या सर्वेक्षणाने स्वतः हिरावून घेतली. जे मोजायला आपण निघालात, तेच मोजणीच्या पद्धतीने कमी झाले. मला या साऱ्या प्रकाराचे सर्वांत जास्त दुःख या एका गोष्टीचे होते.

मूल्यमापनाशी गुण जोडण्याचा परिणाम काय होतो हे पाहायला पुढच्या तिमाहीची वाट पाहण्याची गरज नाही. परिपत्रक आले त्याच आठवड्यात एका शाखेत सर्वांना एका संगणकासमोर एकामागून एक बसवून, शाखाप्रमुख शेजारी उभे असताना, सर्वेक्षण भरून घेतले गेले. त्या शाखेला त्या फेरीत शंभर गुण मिळाले आणि विभागाच्या फलकावर तिचे अभिनंदन झाले. मी त्या शाखाप्रमुखांना दोष देत नाही. त्यांनाही घर आहे आणि त्यांचीही बढती त्या मूल्यमापनावर आहे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल दाखवून दिले होते की, एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आणला की त्या आकड्याचा भरवसा जातो. ते सूत्र बँकांइतकेच कार्यालयांनाही लागू पडते. खरे उत्तर हवे असेल तर ते देणाऱ्याचे आणि त्याच्या साहेबाचेही त्यात नुकसान नसावे.

नव्वद टक्के सहभागाच्या अटीबद्दल थोडक्यात लिहिते. ज्याला उत्तर द्यायचे नाही त्याचे न देणे हेही आपल्याला काही सांगत असते. अमेरिकेच्या सर्वेक्षणात २०२० ते २०२४ या वर्षांत निम्म्याहून कमी कर्मचाऱ्यांनी भाग घेतला आणि तो आकडा तेथे निकालाबरोबर उघडपणे छापला गेला. सक्तीने मिळवलेला सहभाग कोऱ्या कागदापेक्षा वाईट, कारण तो खरा वाटतो. शिवाय सर्वेक्षणाचा दुवा कार्यालयीन ईमेलवरच येतो. ज्यांना ईमेल नाही असे वाहनचालक, शिपाई, बाहेर फिरणारे क्षेत्रीय कर्मचारी आणि सगळे कंत्राटी कर्मचारी यांना तो कधी मिळालेलाच नाही. हे लोक नव्वदमध्येही मोजलेले नाहीत आणि शंभरमध्येही नाहीत.

आता उत्तरांचे काय झाले याकडे येते. पहिल्या वर्षी प्रश्नावलीत १२ प्रश्न होते आणि शेवटी मोकळ्या अभिप्रायासाठी जागा होती. माझ्या शाखेतल्या लोकांनी तेथे काय लिहिले ते त्यांनीच मला नंतर सांगितले. दुपारी प्रणाली बंद पडते तेव्हा रांगेतल्या माणसांना काय सांगायचे, याचे लेखी उत्तर द्या. बदलीचे आदेश निदान महिनाभर आधी कळवा. नवा अर्जनमुना लागू करण्यापूर्वी जो तो नमुना रोज हाताळतो त्याला एकदा दाखवा. या तीनही सूचनांना पैसे लागत नाहीत. उत्तर म्हणून आम्हाला फलकावर एक रंगीत वर्तुळ दिसले आणि त्याखाली विभागाचा निर्देशांक. पुढच्या तीन फेऱ्यांनंतरही तेवढेच. सहभाग घटू लागला, तेव्हा आपण निष्कर्ष काढलात की लोकांना लांब प्रश्नावलीचा कंटाळा आला आहे. म्हणून प्रश्न १२ वरून पाचवर आणले, तिमाहीऐवजी दर महिन्याला विचारायला सुरुवात केली आणि विश्लेषणाला वेळ लागतो म्हणून अभिप्रायाची जागा काढून टाकली. लोक प्रश्नांना कंटाळले नव्हते, महोदय. विचारून गप्प बसण्याला कंटाळले होते. प्रश्न कमी केले आणि फेऱ्या वाढवल्या, तेव्हा ती शांतता वर्षातून चार वेळांऐवजी बारा वेळा ऐकू येऊ लागली.

याउलट काय होऊ शकते याचा एक अनुभव सांगते. तो लहान आहे आणि त्याला मी पुरावा म्हणत नाही. गेल्या वर्षी मी माझ्या शाखेत दर शुक्रवारी एक डबा ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकाने वाटल्यास एक चिठ्ठी टाकायची आणि त्यावर एकाच प्रश्नाचे उत्तर : या आठवड्यात काम कोठे अडले? सोमवारी सकाळी मी चिठ्ठ्या सर्वांसमोर वाचत असे आणि प्रत्येकीपुढे सांगत असे की हे माझ्या हातात आहे, हे नाही, आणि हे वर कळवते. दुसऱ्याच आठवड्यात एका चिठ्ठीवर होते : ‘चौकशीची खिडकी नेहमी त्याच दोघांकडे येते.’ खरे होते आणि मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. त्या मंगळवारपासून मी पाळी लावली. एवढ्या लहान शाखेत हस्ताक्षर ओळखू येतेच. मी ते लपवले नाही, लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक होते आणि तरी ते लिहीत राहिले. चार दिवसांत काहीतरी उत्तर मिळते आणि लिहिल्याबद्दल कोणी काही बोलत नाही, हे त्यांनी पाहिले होते. खुलाशाची नोटीस आली त्या आठवड्यापासून डब्यात एकही चिठ्ठी पडलेली नाही. डबा अजून तेथेच आहे.

हे पत्र विभागाबाहेरच्या वाचकांनीही वाचावे असे मला वाटते, कारण खिडकीच्या अलीकडे जे घडते त्याचा भार शेवटी पलीकडच्या माणसावर पडतो. अमेरिकेतील गुणाधारित सेवा संरक्षण मंडळाने २००८ मध्ये आपल्या अहवालात दाखवले होते की, ज्या खात्यांत कर्मचारी कामात अधिक गुंतलेले होते, त्या खात्यांची कामगिरी चांगली होती, तेथे आजारपणाच्या रजा कमी घेतल्या जात होत्या आणि कामावरच्या दुखापतीही कमी होत होत्या. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एका अहवालाने ठरत नाही, पण दोन्ही एकमेकांशी बांधलेले आहेत हे रोज खिडकीवर बसणारा कोणीही सांगेल. ज्या कर्मचाऱ्याने खरे बोलण्याची भीती घेतली आहे, तो अर्जदारालाही ‘हे माझ्याकडून चुकले’ असे म्हणायला कचरतो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत आणि त्यांतली एकही खर्चिक नाही.

लघुसर्वेक्षणाचे गुण कोणाच्याही वार्षिक मूल्यमापनाशी, बढतीशी किंवा शाखांच्या क्रमवारीशी जोडण्याचा निर्णय मागे घ्यावा आणि गुण घटल्याबद्दल खुलासा मागण्याची पद्धत बंद करावी. गुण घटले तर शाखेत कोणीतरी येऊन बसावे आणि काय अडते आहे ते विचारावे.

दहापेक्षा कमी उत्तरे असलेल्या कोणत्याही गटाचा निकाल कोणालाही, आपल्यालासुद्धा, दाखवला जाऊ नये. लहान शाखांचे निकाल एकत्र करूनच द्यावेत. आजवर निघालेले असे तक्ते जेथे जेथे पोहोचले असतील तेथून परत घ्यावेत. सर्वेक्षण निनावी आहे की गोपनीय, हे पहिल्याच ओळीत खरे लिहावे आणि न भरलेल्यांची नावे शाखाप्रमुखांना पाठवू नयेत.

प्रश्न ठरवताना ते ज्यांना विचारायचे आहेत त्यांच्यापैकी काही जणांना सोबत घ्यावे. एका विधानात एकच गोष्ट असावी, ती किमान दोन वर्षे बदलू नये आणि निम्म्याहून अधिक प्रश्न साधने, मनुष्यबळ, सूचना आणि वरिष्ठांचे वागणे यांविषयी असावेत. अभिप्रायाची जागा परत द्यावी. फेरी तिमाही असावी. मासिक फेरी एखादा मोठा बदल लागू केल्यानंतर, त्या बदलापुरतीच घ्यावी. ज्यांना ईमेल नाही त्यांच्यासाठी कागदी नमुना आणि बंद पेटी ठेवावी, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांना वगळू नये.

प्रत्येक फेरीनंतर ३० दिवसांत विभागाने एक पान प्रसिद्ध करावे, ज्यावर तीनच गोष्टी असतील : काय ऐकले, त्यातले काय करणार व कोण करणार, आणि काय करता येणार नाही व का. ‘हे करता येणार नाही’ हे उत्तरसुद्धा आम्हाला चालेल. आम्ही रोज लोकांना तसे सांगतो आणि कारण नीट सांगितले तर लोक ऐकून घेतात. हे पान निघेपर्यंत पुढची फेरी घेऊ नये.

आणि शेवटची मागणी माझ्या शाखेतल्या त्या सहकारी महिलेसाठी आहे. तिची ओळख उघड झाली यात तिची काहीही चूक नव्हती. ही गोष्ट तिला मनुष्यबळ शाखेने लेखी कळवावी आणि त्या फेरीतील उत्तरांचा तिच्या सेवेच्या कोणत्याही नोंदीत उल्लेख होणार नाही याची हमी द्यावी.

माझा खुलासा मी मुदतीत सादर केला आहे. त्यात एवढेच लिहिले आहे की घट झाली ती कोणाच्या दोषामुळे नाही, आणि तिचे खरे कारण मी तेथे लिहिणार नाही, कारण ते लिहिले तर एका व्यक्तीचे नाव कार्यालयीन नोंदीत जाईल. त्याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

पुढची फेरी या महिन्याच्या १० तारखेला सुरू होते. पहिल्या वेळी मी आठ जणांजवळ जाऊन बसले होते. या वेळी मी कोणालाही भरा म्हणणार नाही आणि भरू नका असेही म्हणणार नाही. दुवा त्यांच्या ईमेलवर येईल आणि काय करायचे ते प्रत्येक जण ठरवेल. निकालाचा नियम बदलल्याचे पत्र मात्र त्याआधी आले, तर ते मी त्याच दिवशी त्यांना वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
शाखाप्रमुख, अर्ज स्वीकृती शाखा